अमाझिग माग आणि रंगमंच: ताणा मांडण्यापासून कापड उतरवण्यापर्यंत

उभाआडवा:

या फोरमवर चर्चेच्या दुसऱ्या धाग्यात उत्तर आफ्रिकेतल्या विणकामाचा विषय निघाला आणि गालिच्यांच्या किमतींवर घसरला. म्हणून हा वेगळा धागा. विषय एवढाच: अमाझिग (उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या, ज्यांना बर्बरही म्हणतात) बायकांचं विणकाम आजच्या सादरीकरण-कलेतून पुढच्या पिढीकडे खरंच जातं का, आणि जायचं असेल तर मंचावर नेमकं काय ठेवायला हवं?

या विषयावरची बरीच सादरीकरणं एकाच साच्यातली असतात. अंगाला लाल सूत गुंडाळून कुणीतरी जमिनीवर लोळतं, मागे बेंदीर (डफासारखं वाद्य) वाजतो, शेवटी सूत कापतात. दिसायला ठीक. त्यातून कुणाला एक ओळ विणता येईल का? नाही.

मुळात या कामातला पहिला टप्पाच सामूहिक हालचालीचा आहे, त्यावर वेगळं नृत्य चढवायची गरज नाही. मोरोक्कोच्या डोंगराळ भागात ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर मांडत नाहीत. आधी अंगणात, जमिनीत खुंट्या ठोकून मांडतात. दोघी दोन टोकांच्या खुंट्यांपाशी बसतात. तिसरी सुताचा गुंडा घेऊन दोघींच्या मध्ये ये-जा करते. ती टोकाला पोचली की बसलेली बाई तो वेढा खुंटीभोवती घेते आणि जाड दोरीच्या दोन पदरांमध्ये पिळून अडकवते. या पिळामुळे दोन धाग्यांतलं अंतर तिथेच कायम होतं, आणि पुढे हीच दोरी मागाच्या आडव्या तुळईला शिवली जाते. मध्ये धाग्यांची आठाच्या आकारात अदलाबदल होते, म्हणजे एक धागा पुढे, दुसरा मागे. ती जपायला तिथे काठी किंवा दोरी घालून ठेवतात. ही अदलाबदल एका ठिकाणी चुकली तर मागावर दोन शेजारचे धागे एकाच बाजूला येतात आणि कापडात तळापासून वरपर्यंत एक उभी रेघ उमटते. नंतर ती दुरुस्त होत नाही.

तिघींपैकी एकीचा वेग बदलला की ताण बदलतो. सगळी शिकवण या वेगात आहे. नमुन्याच्या कागदावर ती येत नाही. फ्रेंच अंमलात प्रॉस्पर रिकार यांनी १९२३ ते १९३४ या काळात मोरोक्कन गालिच्यांचे नमुने चार खंडांत छापले. त्यात रंग, किनारी, गाठींची घनता आहे. ताणा मांडणाऱ्या बाईची चाल नाही. पुढे फरीद बेलकाहिया १९६२ मध्ये कासाब्लांकाच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. मोहम्मद मेलेही, तोनी मराइनी, बर्ट फ्लिंट अशी मंडळी तिथे जमली आणि गालिचे, दागिने, रंगवलेली छतं अभ्यासात आली. १९६९ मध्ये या चित्रकारांनी मराकेशच्या जामा अल-फना चौकात उघड्यावर चित्रं मांडली. मोठी गोष्ट होती. पण माझ्या मते त्यांनी चिन्ह उचललं, हात नाही उचलला.

तर अनुभवी मंडळींनी लिहावं: मंच, सूत, रंग, आवाज, पैसे, सगळं.

नेपथ्य_७:

मंचाच्या बाजूने लिहितो. पहिली अडचण अशी की नाट्यगृहाच्या लाकडी फळ्यांवर खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून लोक लोखंडी तळ असलेले खांब आणतात आणि तिथेच फसतात.

साधा हिशेब धरू. कापड १२० सेंमी रुंद, सेंटीमीटरला ३ धागे, म्हणजे ३६० धागे. खुंट्यांमधलं अंतर ३ मीटर. एका फेरीत जाताना एक आणि येताना एक धागा पडतो, म्हणजे १८० फेऱ्या, १,०८० मीटर सूत. गाठी आणि नासाडी धरून १,२०० मीटर हाताशी हवं. प्रत्येक धाग्यावर १५० ते २०० ग्रॅमचा ताण धरला तरी शेवटी खांबांवर ५५ ते ७० किलोची ओढ बसते. खांब प्रत्येक फेरीबरोबर किंचित आत झुकतो. पहिले पन्नास धागे पूर्ण अंतरावर पडलेले असतात, शेवटचे पन्नास कमी अंतरावर. मागावर चढवल्यावर पहिल्या बाजूचे धागे सैल लोंबतात, आणि कापड त्या बाजूला पोटासारखं फुगतं.

उपाय: दोन्ही तळ जमिनीलगत एका लाकडी दांड्याने एकमेकांना जोडा, म्हणजे अंतर कमी होऊच शकत नाही. दांडा चालणारीच्या पायात येणार नाही असा एका बाजूला ठेवा. शिवाय प्रत्येक तळावर ४०-५० किलो वाळूची पोती. दर ३० फेऱ्यांनी खांबांच्या डोक्यांमधलं अंतर टेपने मोजा. हे मोजणं प्रेक्षकांसमोरच करा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वेळ: सरावलेल्या तिघींना एका फेरीला साधारण २० सेकंद लागतात असं धरलं तर १८० फेऱ्यांना एक तास. त्याहून घाई केली तर बसलेल्या बायकांचा पीळ मागे पडतो आणि वेढे खुंटीवर एकमेकांवर चढतात. दिग्दर्शकाला वीस मिनिटांत हवं असेल तर रुंदी ४० सेंमी करा. वेग वाढवू नका.

दुसरं, माग उभा केल्यावर. घरात वहीची काठी, म्हणजे ताण्याचे एकाआड एक धागे फासांत धरणारी काठी, दोऱ्यांनी भिंतीला किंवा चौकटीला पक्की बांधलेली असते. ती हलत नाही. हलतो तो बोरू, म्हणजे ताण्याच्या धाग्यांमधली आडवी काठी, जिला तिकडे अघानिम म्हणतात. तो वर सरकवला की आडवा धागा घालायला एक फट उघडते, खाली आणला की दुसरी. मंचावर भिंत नसते. म्हणून चौकटीच्या दोन्ही उभ्या खांबांना आडवे हात जोडून वही तिथे बांधावी लागते. हे राहून गेलं की फट दोन बोटांचीही उघडत नाही, विणकरणीला प्रत्येक धागा बोटाने उचलावा लागतो, आणि प्रेक्षकांना वाटतं की काम असंच संथ असतं.

मंजिष्ठा:

उभाआडवा यांनी मोरोक्कोवर भर दिला आहे. मंचासाठी खरी खाण दक्षिण ट्युनिशियात आहे. मतमाता, शेनिनी, दुइरात या डोंगरी गावांतला बखनूग, म्हणजे बायकांची डोक्यावरून घ्यायची शाल. जमीन पांढऱ्या लोकरीची, नक्षी पांढऱ्या सुती धाग्याची. विणताना पांढऱ्यावर पांढरं, नक्षी जेमतेम दिसते. विणणारीला ती मोजून माहीत असते. मग अख्खी शाल रंगात बुडवतात. लोकर रंग घेते, कापूस घेत नाही, आणि नक्षी पांढरी उठते. यापेक्षा चांगलं नाट्य कुठल्या लेखकाने लिहिलंय?

पण रंग कुठला, यावर सगळं ठरतं. नीळ वापरलीत तर संपलं. निळीच्या हौदात कापूसही लोकरीइतकाच आनंदाने रंगतो. हळदही नको, ती कापसाला थेट धरते हे आपल्याकडे कुणालाही सांगायला नको. डाळिंबाच्या सालीतल्या तुरटपणामुळेही कापूस मळकट पिवळा होतो. चालतं ते मंजिष्ठाच्या कुळातलं तिकडचं मूळ (आपल्या मंजिष्ठेचं भावंडच ते) आणि तुरटी. कापसाला तुरटी नीट धरायला आधी हिरडा किंवा तत्सम काहीतरी लागतं. ते मुद्दाम दिलं नाही तर कापसावर फक्त फिकट गुलाबी झाक राहते आणि ती धुण्यात बरीचशी निघते.

२०० ग्रॅम वजनाच्या नमुना-पट्टीसाठी: पाणी ६ लिटर, तुरटी ३० ग्रॅम, मुळाची भुकटी १०० ते २०० ग्रॅम. तुरटी आदल्या दिवशी द्यायची: कोमट पाण्यापासून सुरू करून तासाभरात ८०-८५ अंशांपर्यंत, तिथे पाऊण तास, मग भांड्यातच गार. दुसऱ्या दिवशी रंगाचं पाणी तासाभरात ६५ अंशांवर आणायचं आणि तिथे एक तास ठेवायचं. ७५ च्या वर गेलं की मुळातले तपकिरी रंग सुटतात आणि लाल विटकरी होतो. थर्मामीटर पाण्यात मध्यावर हवा. तळाला लावलेला दहा-बारा अंश जास्त दाखवतो, मग आच कमी केली जाते आणि रंग फिका राहतो. पाणी जड असेल तर लाल जास्त खुलतो. बाटलीबंद शुद्ध पाण्यावर काम करणाऱ्यांनी चिमूटभर खडूची भुकटी घालावी.

मंचावरची सर्वात मोठी चूक म्हणजे गरम भांड्यातून शाल काढून गार पाण्यात बुचकळणं. टाळ्या मिळतात, पण लोकर आक्रसून नमदा होते. कापूस आक्रसत नाही, त्यामुळे नक्षीचे धागे फुगून वर येतात. शाल काठीवर उचलून निथळू द्या, वाफ दिसू द्या. तेवढं पुरे.

सूतराव:

दोघांनीही सूत एकच धरलं आहे. एक नसतं. ताण्याची लोकर लोखंडी दातांच्या फण्यांवर विंचरतात, म्हणजे लांब तंतू सरळ होतात आणि आखूड तंतू फणीत राहतात. ते आखूड तंतू पिंजून, सैल पिळाने बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत होतं. ताणा घट्ट पिळाचा, मीटरला पाऊण ते एक ग्रॅम. बाणा जाड आणि मऊ. नेपथ्य_७ यांच्या हिशेबात म्हणजे ताण्याला साधारण किलोभर सूत.

कलाकार मंडळी बाजारातून मऊ, गुबगुबीत लोकर आणतात आणि तीच ताण्याला लावतात. तास्का, म्हणजे लोखंडी दातांची ठोकायची फणी, अशा धाग्यावर आपटली की दहा-पंधरा ओळींत धागा विस्कटतो, मग तुटतो. तुटलेल्या धाग्याला जोड देताना गाठ वहीच्या वर ठेवली तर ती पुढे वहीच्या फासात अडकते. म्हणून जोड विणलेल्या काठापासून लांब खाली आणायचा आणि टोक कापडात टाचणीने धरायचं.

आता बऱ्याच ठिकाणी ताणा कापसाच्या सुताचा असतो, हेही लिहून ठेवतो. सुती ताणा सरळ राहतो, ओल्या हवेत सैल पडत नाही. लोकर ओलावा भरपूर धरते आणि ओली झाली की ताणली जाते. पावसाळी संध्याकाळी चढवलेला लोकरीचा ताणा वातानुकूलित सभागृहात दुसऱ्या दिवशी इतका आवळतो की बोरू हलत नाही. पण अग्निसुरक्षेची तपासणी असेल तर लोकर सोपी जाते, ती सहजी पेट घेत नाही. सुती ताण्याला विचारणा होणारच.

कानोसा:

आवाजाबद्दल. लोक मागासमोर माइक उभा करतात आणि त्यात विणकरणींचा श्वास, बांगड्या, सभागृहातला खोकला येतो. तास्काचा ठोका हवेतून कमी आणि लाकडातून जास्त जातो. खालच्या तुळईच्या टोकाला चिकटवायचा माइक लावा. उभ्या खांबाला लावला तर दोऱ्यांची करकर येते, तीही वाईट नाही, पण वेगळ्या वाहिनीवर घ्या.

लयीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. नृत्यरचनाकार मागाच्या ठोक्यांवर आकडे बसवतात: आठ ठोके, वळण, आठ ठोके. सपाट विणीत प्रत्येक ओळीला ठोका पडतो, पण नक्षीच्या ओळीला साध्या ओळीच्या तिप्पट वेळ लागतो. गाठींच्या गालिच्यात तर आधी पूर्ण ओळभर गाठी, मग बाण्याचे दोन-चार धागे, आणि मगच ठोकणं. १२० सेंमी रुंदीत १८० गाठी. दोघींनी वाटून घेतल्या आणि गाठीला आठ सेकंद धरली तर १२ मिनिटं शांतता, मग तीन मिनिटं गडगडाट. तासाभरात चार ओळी, म्हणजे फार तर ४ सेंमी. ठोक्यावर नाच बसवला की विणकरणीला नाचासाठी खोटे ठोके मारावे लागतात. खोट्या ठोक्याने आधीच बसलेला बाणा आणखी दाबला जातो आणि त्या पट्ट्यात नक्षी चपटी होते. कापड सगळं लिहून ठेवतं.

त्यापेक्षा मोजणी ऐकवा. मोरोक्कोतल्या सिरवा डोंगर आणि ताझनाख्तच्या बाजूला ताशल्ही ही अमाझिग बोली बोलतात, तिच्यात एक ते पाच असे: यान, सिन, क्राड, कुझ, सम्मुस. शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी म्हणजे १, ३, ५, ७ असं १५ पर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं, एकूण १५ ओळी. हे मोठ्याने मोजलं की तेच गाणं, तीच संहिता, आणि शेजारी बसलेली मुलगी तेच पाठ करून उठते. आकार मात्र आधी तपासा. दहा सेंटीमीटरमध्ये आडव्या १५ गाठी आणि उभ्या १० ओळी पडत असतील तर हीच नक्षी १० सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच होते. बसकी हवी असेल तर प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंना दोन-दोन गाठी सरका.

उभाआडवा:

कानोसा, मोजणीचं पटलं. मग प्रेक्षक कुठल्या बाजूला बसवायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर विणीवर अवलंबून आहे. मध्य ॲटलासमधली झेमूर, झयान वगैरे जमातींची नक्षीदार सपाट वीण उलट्या बाजूने विणतात. विणकरणीसमोर येते ती मागची बाजू, सुटे धागे लोंबणारी. सुलट नक्षी मागाच्या पलीकडे असते. म्हणजे प्रेक्षक पलीकडे बसवले तर त्यांना नक्षी सुलट दिसते आणि ताण्याच्या धाग्यांमधून विणकरणीचे चेहरे. शिकणाऱ्या मुली मात्र अलीकडे, बाकावर तिच्या शेजारी. गाठींचा गालिचा उलट: गाठी विणकरणीच्या बाजूलाच असतात, पलीकडून नुसती पाठ दिसते. एकच मांडणी दोन्हींना वापरणाऱ्यांनी हे आधी बघावं.

दिव्यांचं थोडक्यात: ताण्यावर बाजूने प्रकाश टाका. समोरून टाकला तर विणकरणीच्या डोळ्यावर येतो आणि तिला फट दिसत नाही.

आणि शिकणारीला पहिल्याच प्रयोगात नक्षी देऊ नका. एकाच ताण्यावर उजवीकडे जाणती, डावीकडे नवखी. नवखीकडे साधी जमीन, जाणतीकडे नक्षी. ओळ दोघींची एकच. नवखीचा बाणा आवळला की जाणतीच्या हाताला ते लगेच कळतं, बोलावं लागत नाही. नवखी घाबरली की बाणा सरळ ओढते, सगळ्यांचंच होतं. बाणा कमानीत ठेवून मग ठोकायचा, नाहीतर ३० सेंमी उंचीत कापड पाच-सहा सेंमी आत येतं आणि कडेचे धागे घासून तुटतात. कडा ताणून धरणारे आकडे खांबांना बांधलेले असतात, ते दर चार-पाच सेंमीला वर सरकवायचे. मंचावर ‘दिसायला नको’ म्हणून ते काढून टाकणारे महाभाग आहेत.

पलीकडची:

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट सगळे गृहीत धरताहेत: ‘अमाझिग विणकाम’ असं एकच काही आहे. नाही. अल्जीरियातलं काबिलिया, औरेस, म्झाब, ट्युनिशियातलं जर्बा, लिबियातलं नफूसा, मोरोक्कोतलं मध्य ॲटलास, सिरवा, सगळीकडे वेगळं. सहारातले तुआरेग तर मुख्यतः चामडं आणि चटयांचे लोक. शहरी पुरुष विणकर आडव्या पायमागावर जेल्लाब्याचं (टोपी असलेल्या लांब झग्याचं) कापड विणतात, ते आणखी निराळं. बखनूगची रंगाई, झयानची उलटी वीण आणि ताझनाख्तची मोजणी एकाच प्रयोगात घालणं म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात.

दुसरं, विधी. बऱ्याच ठिकाणी ताणा चढला की मागात प्राण आला असं मानतात, आणि कापड काढताना तो गेला असं. काढण्याआधी ताण्यावर पाणी शिंपडतात, शहादा (इस्लामी श्रद्धेचं वचन) म्हणतात, मेलेल्या माणसाला निरोप द्यावा तसं. पुरुषांनी तिथे नसावं असंही काही गावांत पाळतात. ताणा मांडताना त्यावरून ओलांडून जाणं अशुभ. आता सांगा, शेवटच्या दृश्यात पुरुष नर्तक कात्री घेऊन आला तर ते काय झालं? समकालीन कला झाली म्हणून सगळं माफ नाही. संबंधित गावच्या बायका हो म्हणत असतील तर दाखवा, नसतील तर ताण्याला कापड लावून ठेवा आणि प्रेक्षक बाहेर गेल्यावर काढा. आणि एकीने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं धरू नका.

तिसरं, मला मूळ दावाच अर्धा पटतो. मंचावरून ताणा मांडणं शिकवता येईल, कारण ती अख्ख्या शरीराची हालचाल आहे आणि दहा फुटांवरून दिसते. गाठ शिकवता येणार नाही. ती दोन बोटांत होते, तिसऱ्या रांगेतून काय दिसणार? पडद्यावर मोठं करून दाखवलं तर कॅमेरा नेहमी हाताच्या पुढून असतो आणि शिकणाऱ्याला सगळं आरशातलं दिसतं.

नेपथ्य_७:

@पलीकडची, कॅमेऱ्याचा तोडगा आहे: विणकरणीच्या उजव्या खांद्यामागे, कानाच्या उंचीवर, ३०-४० सेंमी मागे. म्हणजे चित्र तिच्या डोळ्यांतून येतं. पण बाकी मान्य, पडद्यावरून गाठ ‘कळते’, येत नाही.

कानोसा:

पलीकडची यांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोडून. मोरोक्कन नृत्यरचनाकार बुश्रा विझगेन यांची ‘कॉर्बो’ ही रचना २०१४ च्या मराकेश बिनाले या कला-महोत्सवातली. विषय विणकाम नाही, आणि त्यातल्या ऐता (मोरोक्कन लोकगायन) गायिकांची परंपरा अरबी बोलीतली आहे, म्हणजे थेट संबंध लावू नये. पण पद्धत बघण्यासारखी: ज्या बायकांना त्यांची कला आधीच येते त्याच मंचावर, काळ्या कपड्यांत, मानेच्या झटक्यासह तोच हुंकार पुन्हा पुन्हा. कुणी त्यांची नक्कल करत नाही. विणकामातही नर्तकीला विणकरणीची भूमिका देणं थांबवलं तर अर्धे प्रश्न मिटतात. अल्जीरियात चित्रकार दनी मार्तिनेझ यांनी १९६७ च्या औशेम या चित्रकार गटापासून काबिल चिन्हं चित्रांत आणली, आणि २००४ मध्ये राकोंत-आर हा फिरता महोत्सव काबिलियाच्या गावांतूनच सुरू झाला. तिथे प्रेक्षकच गावचे. मागाभोवती कोण बसलंय याने फरक पडतो.

आणि नुसतं नाव यादीत घालून भागत नाही याचंही उदाहरण आहे. पश्चिम उच्च ॲटलासमधला तास्किविन हा युद्धनाच २०१७ मध्ये युनेस्कोच्या तातडीच्या संरक्षण यादीत गेला. नाच शिकवता येतो, पण त्याची शिंगं आणि साज घडवणारे हात कमी झाले तर पोरं नाचणार काय घेऊन? विणकामाचं तसंच. तास्का कोण घडवणार, फण्यांचे दात कोण लावणार, हे सादरीकरणाच्या खर्चात धरा.

हिशेबनीस:

खर्चाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. सहकारी संस्थांत विणकामाचे पैसे बरेचदा चौरस मीटरवर मिळतात. सादरीकरणात तोच दर लावला की विणकरणीचं नुकसान ठरलेलं. वर कानोसा यांनी मांडलेला हिशेब घ्या: तासाला ४ सेंमी, १२० सेंमी रुंदीवर, म्हणजे अर्धा चौरस मीटरही नाही, जेमतेम ०.०५. त्यात तालीम, दिव्यांसाठी थांबणं, पुन्हा करून दाखवणं. त्यामुळे दर दिवसावर ठरवायचा, तालमीचे दिवस धरून, प्रवासाचेही.

कापड कुणाचं? हा प्रश्न पहिल्या तालमीच्या आधी लिहून सोडवा. प्रयोगानंतर ते संग्रहालयाने विकत घेतलं तर किंमत कलाकाराच्या नावावर लागते आणि ती गालिच्याच्या दरापेक्षा कैक पट असते. करारात तीन ओळी हव्यात: कापड विकलं तर विणकरणींचा वाटा किती टक्के, चित्रीकरण पुन्हा दाखवलं तर काय, आणि भिंतीवरच्या पाटीवर नावं कशी. ‘स्थानिक महिलांच्या सहकार्याने’ हे नाव नव्हे. नाव द्यायचं नाही असं एखादी म्हणाली तर तेही करारात. अमिना अग्वेझ्नाय या मूळच्या वास्तुरचनाकार. त्या विणकर आणि कारागिरांबरोबर कार्यशाळा घेऊन मोठ्या मांडण्या करतात. असं काम मुळातच अनेक हातांचं असतं, म्हणून मोबदला आणि नावं आधी ठरली पाहिजेत.

आणि अर्धवट विणलेला ताणा. चार प्रयोगांनंतर संस्था माग मोडते आणि वीस सेंमी कापड पेटीत जातं. हा पैशाचा आणि शिकवणीचा दोन्हीचा तोटा, कारण शेवटच्या हातभर कापडात ताण्याची फट लहान होत जाते आणि तिथे कसं विणायचं हेच नवखीला कधी कळत नाही. दौरा ठरवताना कापडाची लांबी तासांत मोजा. ३ मीटरच्या ताण्यातून सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर कापड निघतं. बाकी वही, बोरू आणि तुळयांना जातं. इतके तास मंचावर होणार नसतील तर ताणाच लहान घ्या.

मंजिष्ठा:

@पलीकडची, सगळं एकत्र घालू नये हे शंभर टक्के मान्य. बखनूग करायचा तर बखनूगच करा, सुरुवातीपासून. रंगाबद्दल राहिलेलं: तिकडे पांढरी, लाल आणि गडद अशा शाली बाईच्या वयानुसार बदलतात असं दिसतं, म्हणजे लग्नाच्या वयाला लाल, म्हातारपणी गडद. म्हणून एकच कापड एका प्रयोगात लाल आणि त्याच्या शेवटी काळं करण्याची कल्पना कुणाला सुचेल. करू नका. लालवर लोहाचं पाणी टाकून गडद करता येतं, पण लोहामुळे लोकर ठिसूळ होते, आणि कापसावरही करडे डाग उठतात. कापडाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त लोह नको. दोन वेगळी कापडं घ्या.

घोंगडं:

वाचतोय. एक व्यावहारिक प्रश्न. इकडे साताऱ्या-सोलापूरकडे बसून यातलं ताणा मांडणं आणि उभ्या मागाची सवय करायची तर घोंगडीचं सूत चालेल का? सणगरांकडून दख्खनी लोकरीचं हातसूत मिळतं.

सूतराव:

@घोंगडं, ताण्याला चालेल, पण तसंच नाही. दख्खनी लोकर आखूड आणि केसाळ. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात ती याचसाठी, केस बसतात आणि धागा घासून तुटत नाही. तीच खळ इथेही पातळ करून लावा: १०० ग्रॅम चिंचोक्याचं पीठ, दोन लिटर पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत, गाळून, कोमट असताना. ताणून वाळवा, लडी गुंडाळून नाही, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात. तिकडच्या पद्धतीत खळ हा भाग नाही, ही आपली सोय. सरावापुरतं ठीक, मंचावर ‘पारंपरिक’ म्हणून सांगू नका.

बाण्याला दख्खनी सूत टोचेल आणि नीट दबणार नाही. तिथे मऊ लोकर घ्या. चौकट ६० सेंमी रुंद, १२० उंच, सागवानी पट्टी दीड इंच जाड. तुळया गोल नकोत, चौकोनी किंवा खाचेच्या, म्हणजे फिरणार नाहीत. सुरुवातीला ३० सेंमी रुंदीत ६० धागे, सेंटीमीटरला दोन. खुंट्यांऐवजी अंगणात दोन पहारी ठोका, मध्ये दीड मीटर. तिघे लागतातच; दोघांत केलं तर एका टोकाचा पीळ सुटत राहतो आणि धागे एका कडेला गोळा होतात. वहीच्या फासांना पिळाची पक्की सुतळी, सगळे फास एकाच मापाचे, त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावरून घ्या. साधी वीण २० सेंमी, कडा सरळ आल्या की मगच १, ३, ५.

घोंगडं:

पहारी आहेत. फास काठीवर बांधायचे की एकसलग दोरीने घ्यायचे?

सूतराव:

एकसलग. प्रत्येक फासानंतर काठीवर एक अढी, म्हणजे एक सैल पडला तरी शेजारचे जागेवर राहतात. धागा एकाआड एक घ्या, आठाच्या अदलाबदलीत जे मागे आहेत फक्त तेच.